३०३ नको, मधे सगळं रिकामं आहे

गेल्या वर्षी आमची सोसायटी शेजारच्या सोसायटीकडून फुटबॉलमधे सात-शून्य अशी हरली, आणि नंतर अमृततुल्यवर सगळे गुडघे चोळत उभे असताना मी नुसतं म्हणालो, "आपला शेप नव्हता," म्हणजे मैदानात कोण कुठे उभं राहणार त्याची रचना. बस, एवढंच. मी खेळलोही नव्हतो, पाण्याच्या बाटल्या सांभाळत होतो. पण रात्री दीड-दोनपर्यंत जागून युरोपातल्या मॅचेस बघणारा माणूस शेप म्हणतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार असं लोकांना वाटलं असावं, कारण यंदा ग्रुपवर परस्पर जाहीर झालं की टीमचा मॅनेजर मी. सोसायटीत मॅनेजर म्हणजे जो नंतर बोलणी खातो तो. गणपतीची वर्गणी ज्यांनी गोळा केलीये त्यांना जास्त सांगायला नको.

खोटं कशाला बोलू, मनातून मला आनंदच झाला. वीस वर्षं सोफ्यावर बसून मोठमोठ्या कोचना अक्कल शिकवली, आता खरीखुरी माणसं मिळाली होती. मॅच सात-सात जणांची, धायरीच्या टर्फवर, रविवारी सकाळी सात वाजता. एकच विशेष नियम, प्रत्येक टीममधे पंचावन्नच्या वरचा एक खेळाडू पूर्ण वेळ मैदानात पाहिजे.

मंगळवारी आई संकष्टीच्या खिचडीसाठी दाणे भाजत होती. मी त्यातले सहा उचलले, डब्यातून एक बेदाणा घेतला आणि डायनिंग टेबलवर टीम मांडली. बेदाणा गोलकीपर. आधी २-३-१ लावलं, म्हणजे मागे दोन, मधे तीन, पुढे एक. चांगलं दिसत होतं. मग ३-२-१. तेही चांगलं दिसत होतं. दाणे कसेही ठेवले तरी चांगलेच दिसतात, हा या पद्धतीतला दोष मला फार उशिरा कळला. तेवढ्यात बायको ऑफिसचा फोन कानाला लावून आली आणि बोलता बोलता माझा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर तोंडात टाकून निघून गेली.

आठवीतली लेक समोर अभ्यास करत होती. तिनं विचारलं, "बाबा, पण टर्फवर ऑफसाइड..." मी म्हटलं, "थांब, ऑफसाइडपासूनच सुरुवात आहे सगळ्याची," आणि तिला इतिहास सांगायला बसलो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधे सगळे २-३-५ खेळायचे. मागे दोघं आणि पुढे पाच, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीसारखंच, पुढे नाचायला झाडून सगळे आणि मागे गाडा ढकलायला दोघं. मग १९२५ मधे ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पास मिळताना आपल्यापुढे समोरच्या टीमचे तीन खेळाडू असावे लागायचे, नाहीतर ऑफसाइड; ते तीनचे दोनवर आणले, आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. तेव्हा आर्सेनल क्लबच्या मॅनेजरनं, हर्बर्ट चॅपमननं, मधल्या माणसाला सरळ मागे ओढला, तीन जणांचा बचाव केला, वरून बघितलं तर इंग्रजी डब्ल्यू आणि एम दिसतील अशी रचना. इंग्लंड पुढची पंचवीस-तीस वर्षं तेच धरून बसलं आणि १९५३ मधे हंगेरीनं वेम्बलीवर येऊन त्यांना सहा-तीननं धुतलं. हंगेरीचा हिदेकुटी पाठीवर नऊ नंबर घालून पुढे उभा राहायचं सोडून मागे मागे यायचा, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या इंग्लिश डिफेंडरला कळेचना की याच्यामागे जायचं का जागा धरून बसायचं. हिदेकुटीनं तीन गोल मारले.

हे सगळं मी नंतर लिफ्टमधे ५०३ ला सांगितलं. त्याचा प्रश्न एकच, "२-३-१ म्हणजे सहाच झाले की हो, सातव्याचं काय केलंत?" गोलकीपर मोजत नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "बिचारा एवढा डायव्ह मारतो आणि त्याला मोजत नाही?" आमचा कीपर १०४. त्याची निवड मी केलेली नाही, त्याच्याकडे ग्लोव्हज आहेत. टेरेस गार्डनचे आहेत, पण आहेत.

आता ही जी आकडेमोड आहे ना, ती जगभरातले कोच खेळाडूंचा वेग, पासिंग, डावा पाय-उजवा पाय बघून करतात. माझ्यापुढचे प्रश्न वेगळे होते. ५०२ आणि ५०३ सख्खे साडू. हौसेनं शेजारी शेजारी फ्लॅट घेतले, आणि ५०२ च्या बाथरूमचं पाणी ५०३ च्या बेडरूमच्या भिंतीत उतरायला लागल्यापासून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही डिफेंडर, आणि दोघांनाही दुसरीकडे खेळवलं तर धाप लागते. २-३-१ मधे मागे हेच दोघं! म्हणजे बॉल मधून जाणार आणि दोघं आपापल्या भिंतीकडे बघत उभे राहणार. आर्सेनलला १९२५ मधे हा प्रश्न नव्हता. मग मी ठरवलं की तिघांचा बचाव करायचा आणि साडवांच्या मधे ६०१ ला उभा करायचा. इटालियन लोक बचावाच्या एका पद्धतीला कतेनाच्चो म्हणतात, म्हणजे दाराची कडी, त्यात बचावाच्या मागे एक मोकळा माणूस ठेवतात. आमच्याकडे तो मधे ठेवला, निरोप पोचवायला.

६०१ कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या मॅचेस बघत मोठा झालेला, म्हणजे आमच्या अख्ख्या सोसायटीत फुटबॉल खरोखर रक्तात असलेला हा एकच. त्याला मी दाण्यांचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "शेंगा छान भाजल्यात की! फॉर्मेशन-बिर्मेशन ऱ्हाऊ दे ओ साहेब, पळतंय कोण तेवढं सांगा."

पळणारे दोन. एक ४०२ च्या ताई, त्या हाफ मॅरेथॉन पळतात, मॅच संपली तरी पळत राहतील, फक्त बॉल जवळ आला की सभ्यपणे बाजूला होतात. आणि दुसरा २०४ मधला भाडेकरू मुलगा, जो खरंच खेळतो. त्याच्यावरून कमिटीची मीटिंग झाली. सेक्रेटरींचं म्हणणं, भाडेकरूंना क्लब हाऊस नाही, मग सेंटर मिडफिल्ड कुठल्या नियमात द्यायचं? पाऊण तास चर्चा होऊन घरमालकाच्या ना-हरकत पत्रावर त्याला खेळायला परवानगी मिळाली. मूळ प्रत माझ्याकडे आहे.

राहिले ते पंचावन्नच्या वरचे, म्हणजे ३०३ चे काका. रिटायर्ड, वय एकसष्ट, सकाळी टेकडीवर जातात पण चालत. त्यांना लपवायचं कुठे? इथे मला भारतीय टीमचे कोच सय्यद अब्दुल रहीम आठवले. १९६२ च्या जकार्ता एशियाडमधे जर्नेल सिंगच्या डोक्याला लागलं होतं, टाके पडलेले, तर रहीम साहेबांनी त्या पक्क्या डिफेंडरला पुढे सेंटर फॉरवर्डला उभा केला आणि त्यानं फायनलमधे दक्षिण कोरियाला गोल मारला. आपण दोन-एकनं जिंकून सुवर्णपदक आणलं. मी म्हटलं हे आपल्या मातीतलं उदाहरण आहे, काकांना पुढे टाकू. तिथे ते निदान कुणाच्या पायात येणार नाहीत.

म्हणजे ३-२-१ नक्की झालं होतं. एवढ्यावर गप्प बसायला काय हरकत होती? पण शुक्रवारी रात्री ग्रुपवर कुणीतरी विचारलं की तीन मागे तीन पुढे असं का नाही खेळत, सुटसुटीत होईल, आणि मी घाईघाईत टाइप केलं, "३०३ अजिबात नको, मधे सगळं रिकामं आहे."

आमच्याकडे माणसांना फ्लॅट नंबरनंच ओळखतात हे त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. आणि ३०३ च्या काकांना कानांवर दोन्ही बाजूंना दाट पांढरे केस आहेत आणि मधे, काय सांगू, आहे ते आहे. आधी दोन निळ्या टिका आल्या. मग ४०२ च्या ताईंनी हसण्याची इमोजी टाकून डिलीट केली, त्यामुळे ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांच्याही आलं. मग काकांचा मेसेज आला, "समजले. धन्यवाद." त्या 'धन्यवाद'नंतरचा फुलस्टॉप मला रात्रभर दिसत होता. सकाळी त्यांच्याकडे जाऊन सोफ्यावर बसून समजावलं की अहो काका, हे तीन, शून्य, तीन असं वाचायचं असतं, शून्य म्हणजे मिडफिल्डमधे कुणी नाही. काकूंनी पोहे दिले. काका म्हणाले, "मधे डॅश द्यायचा होतात." बरोबर होतं त्यांचं.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमधे प्रॅक्टिस घेतली. एकच गोष्ट घोटून घेतली, ऑफसाइड ट्रॅप, म्हणजे समोरच्याला मुद्दाम ऑफसाइडमधे पकडायचं. तिघांनी एका रेषेत उभं राहायचं, मी "अप!" ओरडलो की एकदम दोन पावलं पुढे यायचं आणि हात वर करायचा. दहा वेळा केलं. साडूसुद्धा एका तालात हात वर करत होते, तीन वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघत होतो. लेक कठड्यावर बसून म्हणाली, "बाबा, मी मघापासून सांगतीये, टर्फवर..." मी तिला कोन उचलून ठेवायला सांगितलं.

रविवारी पावणेसातला टर्फवर पोचलो तर २०४ चा पत्ता नाही. फोन केला तर म्हणे आलोच, सिंहगडावरून खाली उतरतोय. मी म्हटलं गडावर काय करतोयस? तर हा पठ्ठ्या ऑफिसमधल्या मित्रांबरोबर पहाटे चार वाजता गड चढायला गेला होता, वॉर्मअप म्हणून! आणि आता रविवारच्या सकाळी पुण्यातली निम्मी जनता भजी आणि पिठलं-भाकरीसाठी वर निघालेली, त्या उलट्या गर्दीतून हा खाली येतोय. आला सात-दहाला. पायऱ्या उतरताना माणूस जसा उतरतो तसाच सपाट टर्फवर चालत होता, गुडघे लटपटत. माझं अख्खं मिडफिल्ड ते होतं.

पाचव्या मिनिटाला बघतो तर समोरच्या टीमचा एक कॉलेजचा पोरगा आमच्या गोलपोस्टला टेकून उभा. शांतपणे च्युइंगम चघळत, १०४ शी गप्पा मारत. मी मनात म्हटलं, ये बाळा. तिकडून त्यांनी लांब बॉल टाकला, मी जिवाच्या आकांतानं "अप!" ओरडलो, माझे तिघं एका रेषेत दोन पावलं पुढे आले, तीन हात एकदम वर गेले, इतकं देखणं दृश्य की मला १९२५ चे इंग्रज आठवले, आणि त्या पोरानं बॉल अलगद आत सरकवला. मी लाइनीवरून "ऑफसाइड! ऑफसाइड!" करत रेफ्रीपर्यंत धावलो. तोही कॉलेजचाच मुलगा. तो म्हणाला, "काका, सात जणांच्या मॅचला ऑफसाइड नसतो आमच्याकडे. नियमांची पीडीएफ ग्रुपवर टाकलीये ना."

मी लेकीकडे बघितलं नाही.

आता सवय काही मिनिटाभरात जात नाही. मी ओरडायचं थांबवलं तरी बॉल आला की तिघांचे हात आपोआप वर जात होते. अजून तीन गोल तसेच झाले. तिसऱ्या गोलनंतर मात्र एक वेगळाच प्रकार घडला. ५०२ वळला आणि मधल्या ६०१ ला ओलांडून थेट ५०३ वर ओरडला, "अरे तुझा माणूस होता तो!" ५०३ म्हणाला, "माझा? तुझ्या बाजूनं आला! तुझ्याकडचं सगळं कायम माझ्याकडेच येतं!" ६०१ दोघांच्या मधून हळूच निघून माझ्याजवळ आला, पाणी प्याला आणि म्हणाला, "साहेब, आता मी पुढं जातो. मागं माझं काय काम ऱ्हायलं नाही."

आणि तो गेला पुढे. त्याच्यामागे ४०२ च्या ताई पळत गेल्या, २०४ खालीच बसला होता, साडू भिंतीच्या ओलीपर्यंत पोचले होते. म्हणजे फॉर्मेशन काय म्हणावं, २-०-३-बसलेला-१. ६०१ नं लांबून एक असा हाणला, अस्सल पेठेतला, की बॉल कुणाला दिसलाच नाही. ३०३ चे काका त्यांच्या गोलसमोर कमरेवर हात ठेवून दम खात उभे होते. बॉल त्यांच्या डोक्यावर बरोब्बर मधे आपटला आणि जाळीत. आवाज पार्किंगपर्यंत गेला म्हणे. काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारलं, "कुणी मारला?"

पाच-एकनं हरलो. गेल्या वर्षीपेक्षा दोन गोलांचा फरक कमी झाला की तीन गोलांचा, यावर अमृततुल्यवर बरीच चर्चा झाली. साडू शेजारच्या टेबलावर प्लंबरचा नंबर शोधत भांडत होते. दुपारी ग्रुपवर काकांचा मेसेज आला. "३-०-३ : १ गोल." डॅश दिलेला होता.

घरी आलो तर टेबल पुसलेलं. आई म्हणाली, "अरे, ते दाणे मी कुटात घातले. मंगळवारपासून पडलेत, मुंग्या लागल्या असत्या." बूट काढले तर त्यातून टर्फवरचे ते काळे रबराचे बारीक दाणे भसाभस फरशीवर सांडले. लेक खाली बसली, त्यातले सहा तिनं नखानं वेगळे केले आणि फरशीच्या दोन चौकोनांत मांडायला लागली. पाच मागे. आणि एक एकटाच, पार समोरच्या गोलला टेकून.