एकशे सहा वर्षांच्या बाईंचं एक मत

आज सकाळी पुन्हा तो फोटो फीडवर आला. शिकागोचं ग्रँट पार्क, 4 नोव्हेंबर 2008 ची, बराक ओबामा निवडून आले ती रात्र, गर्दीत उभे नागरी हक्क चळवळीतले काळे नेते जेसी जॅक्सन, ओठांवर बोट आणि गालांवरून वाहणारं पाणी. फोटोखाली कुणीतरी लिहिलंय, 'काळा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, तोही दोनदा. आता कसला वर्णद्वेष? रडगाणं पुरे.' त्याखाली आपल्यातल्याच काहींचे अंगठे. शिकलेले, वाचणारे लोक. डोकं सणकलं, म्हणून हे लांबलचक.

आधी हे सांगते की त्या रात्रीच्या आनंदाबद्दल मला एक अक्षरही वावगं बोलायचं नाही. तो आनंद शंभर नंबरी होता. ओबामांच्या वडिलांच्या देशात, केनियात, राष्ट्राध्यक्ष किबाकींनी 6 नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. व्हर्जिनिया आणि इंडियाना ही राज्यं 1964 नंतर पहिल्यांदा डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेली. हरलेले रिपब्लिकन उमेदवार मॅकेन फिनिक्समध्ये बोलायला उभे राहिले, समोरचे त्यांचेच समर्थक ओबामांच्या नावावर हुर्यो करत होते, त्यांना त्यांनी हाताने थांबवलं. 1901 मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन या काळ्या शिक्षणतज्ज्ञांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं म्हणून केवढा गहजब झाला होता, याची आठवण त्यांनी स्वतःहून काढली. हरलेल्या माणसाच्या तोंडून हे येणं मोठंच.

आणि ॲन निक्सन कूपर. त्या रात्रीच्या भाषणात ओबामांनी ज्यांचं नाव घेतलं त्या अटलांटाच्या बाई. वय 106. लाखो लोकांसारख्याच त्याही मत द्यायला गेल्या, पडद्यावर बोट टेकवलं आणि मत नोंदवलं. एवढंच. ते ऐकताना ज्याच्या घशात आवंढा आला नाही, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

पण वाद त्या आवंढ्याशी नाहीच, 'आता पुरे' म्हणणाऱ्यांशी आहे.

कूपरबाईंनी मतदार म्हणून नाव कधी नोंदवलं, माहीत आहे? 1 सप्टेंबर 1941 ला. आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी मत दिलं नाही. का दिलं नाही, हे समजून घ्यायचं तर त्या काळच्या जॉर्जियातली व्यवस्था बघावी लागते. तिथे मतकर होता, म्हणजे मत द्यायचं तर आधी भरायचा कर, वर्षाला एक डॉलर, आणि थकबाकी साचत जायची. बाईने मतदार म्हणून नाव नोंदवलं नाही तर तिला तो माफ. नोंदवलं की कर मागे लागला. म्हणजे नोंदणी हीच शिक्षा. बरं, कर भरला, यादीत नाव आलं, पुढे काय? जॉर्जियात तेव्हा एकाच पक्षाची सद्दी होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, जो जिंकला तो निवडून आल्यातच जमा, आणि त्या प्राथमिक फेरीत फक्त गोऱ्यांना मत. नोव्हेंबरमधलं खरं मतदान काळ्यांना खुलं, पण तोवर निकाल लागून गेलेला. मतकर 1945 मध्ये गेला आणि गोऱ्यांची प्राथमिक फेरी 1946 मध्ये कोर्टाने मोडली.

अशी ही कुलपं होती. एकावर एक. कुठेही 'काळ्यांना मत नाही' असं लिहिलेलं नाही, कारण 1870 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने ते लिहिता येत नव्हतं. म्हणून कारकुनाच्या टेबलावर अडवायचं.

अलाबामातल्या सेल्मा गावात नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडायचं, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी. शेतमजूर, मोलकरीण, हजेरीवर पोट असलेला माणूस सोमवारी काम सोडून रांगेत उभा राहणार, आणि पाळी येईतो खिडकी बंद. लुइझियानात काही ठिकाणी साक्षरतेची परीक्षा होती: दहा मिनिटांत तीस प्रश्न, एक चुकला तरी नापास. प्रश्न असे की एखादा शब्द डावीकडून उजवीकडे लिहायला सांगायचं, पण नेमका कुठला शब्द ते वाक्यातून कळूच नये. दोन्ही अर्थ निघतात. तुम्ही एक लिहिलात तर कारकून म्हणणार दुसरा हवा होता. प्रश्न अवघड नव्हते, उत्तर ठरवणारा माणूस ठरलेला होता. (आपल्याकडे 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना ही खिडकी लगेच दिसेल.)

हे सगळं मोडलं ते 6 ऑगस्ट 1965 च्या मतदान हक्क कायद्याने, आणि तो कायदा सेल्माच्या पुलावर त्याच वर्षी 7 मार्चला मताचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांची पोलिसांनी डोकी फोडली तेव्हा कुठे आला. त्यातलं पाचवं कलम समजून घ्या, सगळी मेख तिथे आहे. ज्या राज्यांचा इतिहास काळ्यांना अडवण्याचा होता त्यांनी मतदानाशी संबंधित कुठलाही बदल करायचा तर आधी केंद्राची परवानगी घ्यायची. मतदान केंद्र एका शाळेतून दुसऱ्या इमारतीत हलवायचंय? वॉर्डाची हद्द बदलायचीय? नोंदणीची वेळ कमी करायचीय? आधी वॉशिंग्टनला कळवा, न्याय विभागाला साठ दिवस द्या, आणि यामुळे काळ्या मतदारांचं नुकसान होणार नाही हे तुम्ही सिद्ध करा. मतदाराने नाही, सरकारने. एरवी काय होतं? नियम आधी लागू होतो, मग कुणीतरी कोर्टात जातं, वकील, तारखा, अपील, तीन वर्षांनी निकाल. मधल्या दोन निवडणुका होऊन गेलेल्या असतात. त्या निवडणुका कुठलंही कोर्ट परत देत नाही.

फरक किती पडला? मिसिसिपीत काळ्या प्रौढांची मतदार नोंदणी सात टक्क्यांच्या आत होती. दोन-तीन वर्षांत ती साठ टक्क्यांच्या आसपास गेली. माणसं तीच, त्यांची साक्षरता तीच, फक्त खिडकीमागच्या कारकुनाला वर कुणाला तरी जाब द्यायचा होता.

आता 2013 वर या. 25 जूनला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी या कलमातली हवाच काढून घेतली. कलम कागदावर राहिलं, पण ते कोणत्या राज्यांना लागू हे ठरवणारं सूत्र कालबाह्य म्हणून रद्द केलं. म्हणजे लागू कुणालाच नाही. 2006 मध्ये सिनेटने हाच कायदा 98 विरुद्ध 0 मतांनी पंचवीस वर्षांसाठी वाढवला होता, तेही आड आलं नाही. आणि कारणं काय दिली? त्यातलं एक वाचून माझा आजही संताप होतो. निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स लिहितात की सेल्मा आणि मिसिसिपीतलं फिलाडेल्फिया, या दोन्ही गावांचे महापौर आज आफ्रिकन-अमेरिकन आहेत. ज्या फिलाडेल्फियाजवळ 1964 मध्ये नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांना मारून मातीच्या बांधात पुरलं, त्या गावचा महापौर काळा झाला, मग आता पहारा कशाला?

आज सकाळची कमेंट आणि हे निकालपत्र यांत फरक फक्त कागदाच्या जाडीचा आहे.

न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात लिहिलं की पावसात भिजत नाही म्हणून छत्री टाकून देण्यासारखं हे आहे. आपल्या घरोघरी हे छत्रीशिवायही कळतं. आजोबांचं बीपी सहा महिने नॉर्मल येतंय, म्हणून आजोबा परस्पर गोळी बंद करतात. पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

इथे कुणीतरी आकडा आणणार, म्हणून आधीच मान्य करते: 2012 मध्ये काळ्यांच्या मतदानाचं प्रमाण गोऱ्यांपेक्षाही जास्त होतं. होतं. गोळी चालू होती.

निकाल आला त्याच दिवशी टेक्सासने जाहीर केलं की अडकून पडलेला ओळखपत्राचा कायदा आता लागू. त्यात बंदुकीचा परवाना ओळख म्हणून चालणार, विद्यापीठाचं ओळखपत्र चालणार नाही. नॉर्थ कॅरोलायनाने दोन महिन्यांच्या आत आगाऊ मतदानाचे दिवस सतरावरून दहावर आणले आणि एकाच खेपेत नोंदणी करून लगेच मत द्यायची सोय काढली. आगाऊ मतदानाचा एक रविवार त्यात गेला. चर्चची प्रार्थना आटोपून बसमधून एकत्र मतदानाला जायची काळ्या वस्त्यांची रीत होती, हा कुणी योगायोग म्हणू नका. 2016 मध्ये अपील कोर्टाने तो कायदा रद्द केला आणि म्हटलं की काळ्या मतदारांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने लक्ष्य केलंय. पण 2014 ची निवडणूक त्याच कायद्याखाली होऊन गेली होती. पाचवं कलम का हवं होतं, ते यासाठी.

'ओळखपत्र मागितलं तर काय बिघडलं, आपणही दाखवतो' हा प्रश्न येणार. प्रामाणिक प्रश्न आहे. पण आपल्याकडे यादी करायला बीएलओ दारात येतो, मतदार कार्ड सरकार देतं, मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी असते. तिकडे मतदान 1845 च्या कायद्याने मंगळवारी, देशभर सुट्टी नाही, नाव नोंदवायची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी तुमची, आणि ओळखपत्र म्हणजे मुख्यतः गाडीचं लायसन्स. अलाबामाने ओळखपत्र सक्तीचं केलं आणि मग 2015 मध्ये 31 लायसन्स कार्यालयं बंद करायचं जाहीर केलं, त्यांत काळ्यांची वस्ती जास्त असलेले कितीतरी परगणे. ओरड झाल्यावर थोडी माघार घेतली. ओरड झाल्यावर.

आणि जॉर्जिया. कूपरबाईंचं जॉर्जिया. 2018 मध्ये तिथे 53,000 अर्ज लटकले, त्यांतले सुमारे सत्तर टक्के काळ्यांचे, जेव्हा राज्याच्या लोकसंख्येत ते साधारण तिसरा हिस्सा. कारण? अर्जावरचं नाव सरकारी नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे हा नियम. आडनावातली जोडरेघ राहिली, टाइप करताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की अर्ज बाजूला. आधार आणि पॅनवरच्या स्पेलिंगमुळे ज्यांचे हेलपाटे झालेत त्यांना आणखी काय सांगू? आता कल्पना करा की त्या हेलपाट्यांवर तुमचं मत टांगलंय, आणि ज्या खात्याने अर्ज लटकवलेत त्याचा प्रमुखच त्या निवडणुकीत गव्हर्नरपदाचा उमेदवार आहे. हो, केंद्रावर ओळखपत्र दाखवून मत देता येत होतं, हे मान्य. पण 'तुमचा अर्ज प्रलंबित' असं पत्र हातात आलेला किती जण त्या भरवशावर रांगेत उभे राहतील?

कागद मागायची ही खोड खालपासून वरपर्यंत गेली. देशाच्या राष्ट्राध्यक्षालाच जन्माचा दाखला मागितला. 27 एप्रिल 2011 ला ओबामांनी सविस्तर दाखला जाहीर केला. पदावर बसून दोन वर्षं उलटल्यावर. कुठल्या गोऱ्या राष्ट्राध्यक्षाला असा मागितला होता?

थोडं शांत होऊन एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती आपली आहे. 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. त्या वेळी जोतीरावांचा आनंद अगदी रास्त होता. तीनच वर्षांपूर्वी हायरम रेव्हेल्स हे काळे गृहस्थ मिसिसिपीतून सिनेटमध्ये गेले होते. ऐतिहासिक निवड ती पण होती. मग 1877 मध्ये काळ्यांच्या हक्कांना संरक्षण देणाऱ्या केंद्राच्या फौजा दक्षिणेतून हटल्या आणि कुलपं लागायला लागली. लुइझियानात 1896 मध्ये सुमारे 1,30,000 काळे मतदार यादीत होते, 1904 मध्ये उरले साधारण 1,300. दुसरे काळे सिनेटर ब्रूस 1881 मध्ये गेले, त्यानंतर तिसरा यायला 1967 उजाडलं. शहाऐंशी वर्षं. एकदा वर चढलेला माणूस दिसला की शिडी पक्की झाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही शहाऐंशी वर्षं पाहावीत.

आपल्याकडचंही बोलते, नाहीतर हे सगळं परदेशावर बोट ठेवून बसल्यासारखं होईल. 1997 चा जुलै. 25 तारखेला के. आर. नारायणन यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, पहिले दलित राष्ट्रपती. त्याच्या चौदा दिवस आधी, 11 तारखेला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, वस्ती रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. एकच देश, एकच महिना. तेव्हाही 'आता राष्ट्रपती तुमचाच' म्हणणारे होते, आजही आहेत, नाव बदलून.

अमेरिकेतही त्या रात्री असंच झालं. ग्रँट पार्कमध्ये लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते आणि काही तासांत मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमध्ये काळ्या मंडळींचं बांधून होत आलेलं चर्च तीन गोऱ्या तरुणांनी पेटवून दिलं. कारण ओबामा जिंकले. गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा झाल्या. उत्तरेतलं मॅसॅच्युसेट्स, दक्षिणेतलं मिसिसिपी नव्हे. आणि त्या निवडणुकीच्या एक्झिट पोलमध्ये अलाबामातल्या दहा गोऱ्यांपैकी एकाने ओबामांना मत दिल्याचं दिसतं. देशभरात गोऱ्यांपैकी 43 टक्के. जिंकले ते सगळ्यांची मतं मिळून, आणि त्या सगळ्यांत ज्यांची मतं 1965 मध्ये उघडली ते होते. आयोवासारख्या गोऱ्या राज्याने त्यांना आधी उचलून धरलं, हेही खरंच.

म्हणून जॅक्सन यांच्या फोटोखाली 'पुरे' लिहू नका. 1984 आणि 1988 मध्ये ते स्वतः उमेदवारीसाठी उभे राहिले होते, त्या पाण्यात काय काय होतं ते त्यांना ठाऊक.

कूपरबाई डिसेंबर 2009 मध्ये गेल्या. 2013 चा निकाल त्यांना पाहावा लागला नाही, 2018 ची छाननीही नाही. पण मला राहून राहून त्यांचं नाव दिसतं. ॲन निक्सन कूपर. निक्सन माहेरचं, कूपर सासरचं. मधे जोडरेघ आहे की नाही, हे जॉर्जियातल्या एखाद्या कारकुनाने नोंदीशी ताडून पाहिलं असतं, आणि 106 वर्षांच्या बाईंना सांगितलं असतं की तुमचा अर्ज प्रलंबित आहे.