गव्हाणीपुढची भांडणं

डिसेंबर लागला की आमच्या सोलापूरकर नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन वाद एकदम पेटतात. पहिला बाहेरून आलेला: नाताळ हा गोऱ्यांचा सण, २५ डिसेंबरला तुळशीपूजन करा, पोरांना सांताचे कपडे घालू नका. दुसरा घरातलाच: याला उत्तर म्हणून यंदा चर्चची रोषणाई दुप्पट करायची का, मिरवणुकीत डॉल्बी लावायचा का. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, दुप्पटवाला. मी बॉस्टनजवळ राहते आणि वर्गणी डॉलरमध्ये देते, त्यामुळे माझं मत आवर्जून विचारलं जातं.

पहिल्या वादाचं पटकन सांगून टाकते. नाताळ गोऱ्यांचा असेल, तर ही गोष्ट गोऱ्यांनाच बराच काळ मान्य नव्हती. मी राहते त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदा झाला: कामधंदा बंद ठेवून किंवा जेवणावळी घालून जो नाताळ पाळेल त्याला पाच शिलिंग दंड. कायदा करणारे प्युरिटन स्वतः कट्टर ख्रिस्ती होते. बायबलात ही तारीख कुठे आहे, असा त्यांचा सवाल, आणि सणाच्या नावानं चालणारी दारू आणि धिंगाणाही त्यांना नको होता. १६८१ मध्ये दंड रद्द झाला, पण राज्यात नाताळची अधिकृत सुट्टी मिळायला १८५६ उजाडलं. सोलापुरात शाळा काढणारं अमेरिकन मराठी मिशन याच परंपरेतलं, त्याची मूळ संस्था बॉस्टनची. तिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या मुलखात २५ डिसेंबर हा बहुतेकांचा कामाचा दिवस होता. सांता आणि खोटा बर्फ त्यांच्या पेटाऱ्यातून आलेला नाही. तो दुकानांतून आला, आणि इथेही तो दुकानांचाच आहे.

तुळशीला पाणी घालण्यावर माझा काही आक्षेप नाही. रोज घाला.

खरा वाद दुसरा. आमच्या विश्वासाप्रमाणे त्या रात्री घडलं काय, हे आधी बघावं लागतं. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात त्या रात्रीची गोष्ट देवदूतांपासून सुरू होत नाही, सरकारी हुकमापासून होते. रोमचा बादशहा कैसर औगुस्त यानं सगळ्यांची नावनिशी लिहायला सांगितली, म्हणून दिवस भरलेली बाई नवऱ्याबरोबर बेथलेहेमला निघाली. (या गणनेच्या सालावरून इतिहासकारांचं अजून जुळलेलं नाही, ते त्यांनी बघावं.) उतारशाळेत जागा नव्हती. बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. ज्याला आम्ही देव म्हणतो तो अशा तऱ्हेनं सरकारी खतावणीत एक नाव होऊन आला. प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना हेच सांगितलं, की ख्रिस्तानं स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. नाताळचा सगळा अर्थ मला या एका वाक्यात दिसतो. देव वरून मदत पाठवून थांबला नाही, खाली येऊन राहिला.

सोलापूरच्या माणसाला हे समजायला पोथी लागू नये. आपल्याकडे 'सेटलमेंट' म्हणतात तो भाग कसा वसला? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवून हजेरी घेतली जायची. तो कायदा देशभरातून गेला १९५२ मध्ये. या वसाहतीचा कारभार काही काळ आमच्याच अमेरिकन मराठी मिशनकडे होता. म्हणजे खतावणीत नाव लागलेल्या बाळाची सुवार्ता सांगणारे हात हजेरीची वही धरून होते. त्यांनी तिथे भलंही केलं असेल. तरी चर्चच्या इतिहासावर भाषण होतं तेव्हा ही वही बाहेर निघत नाही, आणि मला वाटतं नाताळच्या उपासनेत ती निघायला हवी.

लूकच्या गोष्टीतल्या मेंढपाळांचंही तेच. इथल्या शोभेच्या गव्हाणींमध्ये मेंढपाळ गुलाबी गालांचा असतो, नुकती आंघोळ करून आल्यासारखा. आम्ही मात्र मंगळवेढा-सांगोल्याकडच्या रानात मेंढरं बसवलेली पाहिली होती. वाघरीचं कुंपण, दोन कुत्री, आणि घोंगडी पांघरून जागणारा धनगर. लेंडीखतासाठी शेतकरी त्याला बोलावतो, गावकीच्या बैठकीला बोलावत नाही. लूक म्हणतो, ख्रिस्तजन्माची बातमी पहिल्यांदा असल्या माणसांना कळली. मत्तयाच्या शुभवर्तमानातले मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्योतिषी, मात्र यरुशलेमेत हेरोद राजाच्या कानावर जाईल अशी चौकशी करून बसले, आणि त्याचा परिणाम काय झाला? बेथलेहेमची तान्ही पोरं मारली गेली, मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन रातोरात मिसर देशात पळाले.

आता बॉस्टनचं ऐका. शहराच्या मध्यावर, बॉस्टन कॉमनमध्ये, दरवर्षी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून भलंमोठं झाड येतं. १९१७ च्या डिसेंबरात हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटलं, तेव्हा बॉस्टननं त्याच रात्री मदतीची रेल्वे सोडली होती, त्याची ही परतफेड. २००५ मध्ये या झाडाला 'ख्रिसमस ट्री' म्हणायचं की 'हॉलिडे ट्री', यावरून एवढी जुंपली की आटोपता आटोपेना. शेजाऱ्याच्या घरी आकांत उडाल्यावर रातोरात धावलेल्यांची गोष्ट बाजूला राहिली, लोक पाटीवर भांडले. आणि ही तर बहुसंख्य ख्रिस्ती लोकांची भूमी! नाताळआधीचे, आगमनकाळाचे चार रविवार वाट बघण्याचे, पश्चात्तापाचे. इथे नोव्हेंबरातच दुकानात गाणी लागतात आणि २६ तारखेला झाडं कचऱ्याच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेला पडतात. सोलापूरला आई करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा नाताळची उपासना होईपर्यंत उघडू द्यायची नाही. वाट बघणं म्हणजे काय, हे मी त्या डब्यापाशी शिकले.

म्हणून सण मोठा झाला की विश्वास वाढतो, हे दादाचं गणित मला पटत नाही. सगळ्यांचा झालेला नाताळ कसा दिसतो ते मी रोज पाहते.

पण त्याची बाजूही खोटी नाही. इथे बसून साधेपणाचा उपदेश करणं सोपं आहे. इथे त्या दिवशी पगारी सुट्टी असते, गाणी म्हणत गल्लीतून जाताना परवानगी कोणाची, असं कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती ०.९६ टक्के, शंभरात पुरता एकही नाही. दादा म्हणतो, "आपण दिसलो नाही तर नसल्यासारखेच गं." त्याचा राग कळतो मला. माझा आक्षेप दिसण्याला नाही, उत्तर म्हणून दिसण्याला आहे. कोणाला तरी दाखवायला लावलेल्या दिव्यांत गव्हाणीतलं बाळ दिसत नाही, दाखवणारे तेवढे दिसतात. रात्री पेटी-ढोलकी घेऊन अभंगाच्या चालीत भजनं म्हणत घरोघर फिरणं हेही दिसणंच आहे की. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांतून चहा मिळतो तो त्या फेरीला. डॉल्बीला कोण चहा देणार?

मी दादाला कळवलं, रोषणाईला पैसे देणार नाही. सरकारी दवाखान्याच्या आवारात पेशंटची माणसं थंडीत फरशीवर झोपतात, त्यांना चादरी द्यायच्या असतील तर सगळा खर्च माझा. मात्र चादरीवर चर्चचं नाव छापायचं नाही.

त्याचं उत्तर तासाभरात आलं. चादरी घेऊ, ओळखीच्या कारखान्यातून स्वस्त मिळतील. नाव छापणार नाही, तरी कोपऱ्यात एक छोटा क्रूस चालेल का? आणि नाताळची चांदणी गेल्या वर्षीपेक्षा मोठीच करणार. चांदणीला मी होकार दिला, क्रुसाला नाही. डॉल्बीवर अजून बोलणी चालू आहेत.