दिवाणखान्यातील चित्रपटगृहासाठी संगणक निवडताना

टीव्हीला संगणक जोडून दिवाणखान्याचे चित्रपटगृह करण्याचा निश्चय झाला, की आपण त्यावर नेमके काय पाहणार आहोत हा प्रश्न आपण सर्वप्रथम मनातून काढून टाकावा. हा प्रश्न फार घातक आहे. ज्यांनी तो स्वतःला विचारला, त्यांची खरेदी तळहाताएवढ्या डबीवर आटोपली आणि चारचौघांत मिरवण्यासारखे त्यांच्यापाशी काही उरले नाही.

प्रोसेसर आकडा पाहून घ्यावा. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के याला २४ कोअर, म्हणजे आत स्वतंत्रपणे राबणारी गणनकेंद्रे, असतात आणि पूर्ण जोरात तो २५३ वॅटपर्यंत वीज ओढतो. एवढी वीज खाणारी वस्तू चित्रपट वाईट दाखवेलच कशी? २०२३ साली आलेला, चार कोअरचा आणि अवघ्या ६ वॅटचा इंटेलचाच एन१०० हा प्रोसेसरदेखील फोर-केमधला दहा-बिट (म्हणजे रंगांच्या बारीक छटांचा) एचईव्हीसी चित्रपट किंवा एव्ही१ व्हिडिओ (हे दोन्ही व्हिडिओ दाबून साठवण्याचे फॉरमॅट) निमूटपणे चालवतो, असे सांगणारा एखादा गृहस्थ आपल्याला भेटेलच. असा दाबून साठवलेला चित्रपट उलगडण्याचे काम मुळात हे कोअर करतच नाहीत, त्यासाठी चिपच्या कोपऱ्यात ठरावीक कामाचे एक वेगळे सर्किट असते, त्या सर्किटला ओळखता येणारा फॉरमॅट सुखाने चालतो आणि न ओळखता येणारा सगळ्या कोअरच्या मानगुटीवर बसतो, अशी कारणमीमांसाही तो ऐकवील. त्याला चहा पाजावा आणि विषय बदलावा.

काटकसरी स्वभावाच्या वाचकांनी इंटेलचा नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर निवडावा. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत फरक एवढाच, की दुसऱ्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे वर सांगितलेले सर्किटही नाही. त्यामुळे थोडे पैसे वाचतात, आणि ते वाचले म्हणूनच त्यांच्या कित्येक पट किमतीचे ग्राफिक्स कार्ड घेणे भाग पडते.

कार्डाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. एनव्हिडियाचे २०२२ सालचे आरटीएक्स ४०९० हे या कामाला साजेसे वाटते: १६,३८४ कुडा कोअर (ग्राफिक्स चिपवरची छोटी गणनकेंद्रे), २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटची भूक. त्याच घराण्यातल्या धाकट्या आरटीएक्स ४०६० मध्येही व्हिडिओ उलगडणारे सर्किट त्याच पिढीचे आहे, त्यामुळे चित्रपट सुरू झाला की थोरल्यातले हजारो कोअर नुसते बसून राहतात. पण श्रीमंत घरात माणसे रिकामी बसलेली असणे हेच शोभेचे लक्षण आहे. अशा कार्डासाठी टीव्हीखालच्या कपाटात बसणारे आडवे कॅबिनेट चालत नाही, हा आणखी एक फायदा. उभे कॅबिनेट टीव्हीशेजारी ठेवावे लागते आणि पाहुण्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यातच आय९ बसवला, की नायिका मरणशय्येवरून अखेरचे शब्द पुटपुटत असताना प्रोसेसरचा पंखा एकाएकी वेग घेतो. ते शब्द ऐकू आले नाहीत तरी हळहळू नये, सबटायटल असतातच.

स्वस्त कार्डाचा मोह झालाच, तर तोही शास्त्रशुद्ध रीतीने पुरवावा, म्हणजे खोक्यावरचे चित्र पाहावे आणि डिकोडरचा, म्हणजे त्या उलगडणाऱ्या सर्किटचा, तक्ता पाहू नये. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी जानेवारी २०२२ मध्ये आले. त्याच्या थोरल्या भावंडांना एव्ही१ उलगडता येते, याला मात्र येत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला ती विद्या आधीच अवगत होती. नंतर आलेले, निराळे पैसे मोजून घेतलेले कार्ड मात्र तिला मुकले, असा हा चमत्कार आहे. एनव्हिडियाचे २०१७ सालचे जीटी १०३० हेही असेच सज्जन कार्ड: ३० वॅट, पंखा नसलेले प्रकारही मिळतात, दहा-बिट एचईव्हीसी व्यवस्थित चालते, एव्ही१चे मात्र नाव काढू नये.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडला जावे. तिथे काउंटरवरचा मुलगा आपले बजेट विचारतो, छोट्या पॅडवर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) एकाखाली एक लिहितो आणि शेवटच्या ओळीत कार्डाचे नाव लिहून पेन कानामागे खोचतो. ‘साहेब, पाच वर्षं बघायला नको’ हे त्याचे वाक्य प्रमाण मानावे. ‘एचडीएमआय कितवे?’ असे विचारून त्याचा हिरमोड करू नये. टीव्हीपर्यंत चित्र नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीच्या २.० आवृत्तीत, सेकंदाला १८ गिगाबिटमध्ये, ६० हर्ट्झचे (सेकंदाला ६० वेळा बदलणारे) फोर-के चित्र पूर्ण रंगांसह दहा बिटांत मावत नाही, कुठेतरी रंगांची माहिती कापावी लागते, ही बाब घरी पोहोचल्यावर कळण्यातच गंमत आहे.

नव्याची हौस असणाऱ्यांसाठी एक खास मेजवानी आहे. फोर-के ब्लू-रे डिस्क संगणकावर अधिकृत मार्गाने पाहायची, तर प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची सुरक्षाव्यवस्था लागते. इंटेलने डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून ती काढून टाकली आणि एएमडीकडे ती कधी नव्हतीच. म्हणजे सातव्या पिढीच्या जुन्या प्रोसेसरला जे जमत आले, ते नव्या करकरीत आय९ ला जमत नाही. म्हणून प्रोसेसर सर्वांत नवा घ्यावा आणि डिस्क काचेच्या कपाटात मांडाव्यात.

सेटिंगच्या पानावर रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, याचा एक रकाना असतो, त्याकडे फिरकू नये. चित्रपट बहुधा सेकंदाला २३.९७६ किंवा २४ फ्रेमचे असतात, आपल्याकडील टीव्ही प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या परंपरेतले म्हणून मालिका २५ फ्रेमच्या, आणि संगणक मात्र वर्षभर ६० वर अडून बसलेला. साठाला पंचविसाने भाग जात नाही. मग कोणती फ्रेम दोनदा दिसते, कोणती तीनदा, आणि बातम्यांखालची पट्टी ठेचकाळत सरकते. इंटेलच्या २०११ सालच्या सँडी ब्रिज या प्रोसेसर-पिढीची कीर्ती तर अशी, की २३.९७६ मागितले तरी तिचे अंगभूत ग्राफिक्स २४ च्या जवळपास जाऊन थांबत असे, आणि साधारण दर चाळीस सेकंदांनी एक फ्रेम पुन्हा दिसे. शौकीन मंडळी घड्याळ लावून त्या क्षणाची वाट पाहत. कथानकात एवढी उत्कंठा क्वचितच असते. आज ही अडचण एका सेटिंगने सुटते, पण चार सेकंदांत सुटणारी अडचण लाख रुपयांच्या कार्डाने सुटावी अशी आशा बाळगण्यातच खरी रसिकता आहे.

एक गट मात्र आपल्या या उद्योगात विघ्न आणतो. प्रोजेक्टरवर मोठा पडदा लावून मॅडव्हीआर नावाचा रेंडरर (चित्रावर संस्कार करून ते पडद्यावर आणणारे सॉफ्टवेअर) वापरणारे, कमी रिझोल्यूशनचे चित्र काळजीपूर्वक मोठे करणारे आणि एचडीआरचा (म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेल्या चित्राचा) उजेड पडद्याला पेलेल इतका बसवून घेणारे हे लोक दणकट कार्ड घेतात आणि खरोखरच त्याचा घाम काढतात. त्यांचे उदाहरण दुकानात अवश्य द्यावे. आपल्या घरी मुख्यतः यूट्यूबवरचे ४८० ओळींचे जुने मराठी चित्रपटच लागणार आहेत, हे तिथे सांगू नये.

सगळे जुळून आल्यावर टीव्हीचा रिमोट या संगणकाला ओळखत नाही असे आढळेल, कारण एचडीएमआयवरून रिमोटचा हुकूम पोहोचवणारी सीईसी ही साधी सोय, जी कमी किमतीच्या स्ट्रीमिंग काडीतही असते, ती संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांवर बहुधा देतच नाहीत. यावर उपाय म्हणून वायरलेस कीबोर्ड आणून सोफ्यावर ठेवावा, आणि मालिकेची वेळ झाली की आईला स्पेसबार, एफ११ आणि ऑल्ट-टॅब यांची उजळणी द्यावी.