रिकामे जाते

गेल्या आठवड्यात एक अर्ज भरताना ‘मल्टिमीडिया निर्मितीतील आपली कौशल्ये’ असा रकाना समोर आला. सवयीने सॉफ्टवेअरची नावे लिहू लागलो आणि ध्यानात आले की, ज्यांच्यासाठी मी रात्री जागवल्या त्यांतली निम्मी आता वापरातच नाहीत. तो रकाना बराच वेळ रिकामा राहिला. त्या वेळी मनात आलेले इथे सविस्तर लिहितो आहे, कारण या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांना आपण नको ते आधी शिकवतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

2003 साली मी साताऱ्यातील एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटी एडिट करण्याच्या कामाला लागलो. मिनी डीव्हीची 60 मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला 60 मिनिटेच लागत आणि ती सुमारे 13 जीबी जागा घेई. आमच्या 80 जीबीच्या हार्ड डिस्कवर पाच कॅसेटी उतरल्या की आधीचे लग्न पुसल्याशिवाय पुढचे घेता येत नसे. त्यामुळे प्रत्येक कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कानांवर पडे. चित्र थोडे हललेले असले तर लोक चालवून घेत, पण पाठवणीच्या वेळी आई मुलीला काय म्हणाली ते जनरेटरच्या घरघरीत बुडाले असेल, तर ते परत मिळवण्याचा उपाय आमच्यापैकी कोणाकडेही नव्हता.

हे सगळे ठाऊक असूनही 2007 साली आवाजाकडे दुर्लक्ष करण्याची चूक माझ्याकडून झालीच. मुळशी तालुक्यात आमच्या आजोळी आईची थोरली मावशी राहत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्याचे वाचले होते, तेव्हा आपल्या घरातल्या ओव्या तरी आपणच जपाव्यात या ओढीने मी कॅमेरा घेऊन गेलो. दोन तास चित्रण केले. पुण्याला येऊन ऐकतो तर नुसती जात्याची घरघर! कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारी सोय, ऑटोवर राहिला होता. जाते फिरू लागले की कॅमेरा आपोआप एकूण आवाज खाली ओढी आणि त्याबरोबर मावशीआजीचा स्वरही बुडे. ती श्वास घ्यायला थांबली की मागच्या कोंबड्या आणि शेजारचा रेडिओ वर येई. शिवाय कॉलर माइक मी तिच्या पदराला लावला होता, त्यामुळे बांगड्यांची किणकिण आणि लुगड्याची सळसळ प्रत्येक ओळीवर पसरली होती.

आठ महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा तिचे गुडघे धरले होते आणि जात्याशी बसणे बंद झाले होते. खाटेवर बसवून गायला सांगितले, तर दोन ओळींपुढे शब्द येईनात. ती म्हणाली, “जातं फिरल्याबिगर गळ्यात येत न्हाई रं.” मग मामी जात्याशी बसल्या. दाणे न घालता, हलक्या हाताने त्यांनी रिकामे जाते फिरवले आणि तिकडे खाटेवर मावशीआजीचा गळा मोकळा झाला. जमिनीवर स्टँड ठेवला असता तर जात्याची थरथर त्यातून माइकमध्ये शिरली असती, म्हणून या वेळी मी माइक वरच्या तुळईला दोरीने टांगून तिच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर आणला. माइकचे अंतर निम्मे केले की बोलणाऱ्याचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि भोवतालचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो, हे पुस्तकातले वाक्य मला त्या दिवशी खरे कळले. गाणे संपल्यावर सर्वांना गप्प बसवून त्या घराची शांतताही मिनिटभर टिपली. एडिटिंगमध्ये दोन ओव्यांमधली जागा सांधायला तीच शांतता उपयोगी पडली. तिथे आवाज नुसता बंद केला असता तर ती जागा कानाला खड्ड्यासारखी जाणवली असती.

त्या साहित्यातून मी फ्लॅश या वेबवरच्या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक देखणे सादरीकरण केले होते आणि ते वेबसाइटवरही ठेवले होते. 31 डिसेंबर 2020 रोजी ते ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा कंपनीकडून मिळणारा आधार संपला आणि ते कोणत्याही ब्राउझरमध्ये दिसेनासे झाले. ओव्यांचे शब्द युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे प्रत्येक संगणकावर मराठी सारखीच दिसण्याची सोय येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. तो फॉन्ट आता माझ्याकडे नसल्याने ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कचरा समोर येतो. ते शब्द मी ऐकून ऐकून पुन्हा लिहून काढतो आहे. ते शक्य होते आहे, कारण 40 मिनिटांची, अवघी 230 एमबीची आवाजाची साधी वेव्ह फाइल आजही कोणत्याही संगणकावर एका क्लिकमध्ये वाजते.

म्हणूनच मल्टिमीडियाच्या कोर्सची सुरुवात सॉफ्टवेअरच्या मेन्यूपासून होताना पाहिली की मला मनापासून वाईट वाटते. पहिले तीन महिने मुलांना कॅमेरा देऊच नये. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला दहा मिनिटे बोलते करून, पंखा आणि फ्रिज बंद करून, हेडफोन लावून नीट रेकॉर्ड करायला सांगावे, आणि ते साऱ्या वर्गाने चित्राविना ऐकावे. आज प्रत्येकाच्या फोनमध्ये अतिशय स्पष्ट असे 4K चित्रण आहे, पण माइक मात्र बोलणाऱ्यापासून सहा हात लांब असतो.

आणखी एक विनंती. घरात मिनी डीव्ही कॅसेटी पडून असतील तर त्या लवकर उतरवून घ्या. टेपला बुरशी लागते, त्या चालवणारी यंत्रे आता नवी मिळत नाहीत आणि कॅसेट संगणकावर उतरवायला लागणारी फायरवायर या केबलची जोडणी नव्या संगणकांना नसते. माझ्याकडे एक जुना कॅमेरा अजून चालू स्थितीत आहे. घरातल्या माणसांचा आवाज असलेली कॅसेट कोणाकडे असेल, तर त्यांनी मला जरूर कळवावे; रविवारी सकाळी बसून मी ती उतरवून देईन.