साथ येवो न येवो, फाइल तयार पाहिजे

सर्वप्रथम अभिनंदन. इन्फ्लुएंझाची साथ आलीच तर शहरातल्या रुग्णवाहिकांचं आणि रुग्णांचं काय करायचं, हे ठरवणाऱ्या समितीवर तुमचं नाव लागलं आहे. घाबरू नका. तुमच्या आधीच्यांनाही यातलं फारसं कळत नव्हतं आणि त्यातले बरेच जण आज पेन्शन घेऊन सुखात आहेत.

पहिली बैठक सिव्हिल लाइन्समध्येच ठेवा. तिथे झाडं आहेत, रस्ते रुंद आहेत, गाडी लावायला जागा मिळते. तासभर बसलं की अख्खं नागपूर असंच आहे असं वाटू लागतं आणि आराखडा भराभर होतो. कोणीतरी 1918 काढेल, काढू द्या. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं आणि त्या साथीत देशात सगळ्यात जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी हा एक. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली, 1921 च्या जनगणनेत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली निघाली. हे सगळं प्रस्तावनेत घ्या. प्रस्तावनेतल्या मृतांना खाट लागत नाही.

मग 2009 चा परिच्छेद. स्वाइन फ्लूची जगभरची साथ जागतिक आरोग्य संघटनेने 11 जून 2009 ला जाहीर केली आणि 10 ऑगस्ट 2010 ला संपल्याचं सांगितलं. म्हणजे चौदा महिने. एवढ्या अवधीत आपल्याकडे निविदेची शुद्धिपत्रकंही संपत नाहीत. तेव्हा निविदा साथ आल्यावरच काढा. साहित्य साथ गेल्यावर येईल आणि लेखापरीक्षणाच्या वेळी सगळं सीलबंद, कोरं करकरीत दाखवता येईल. वापरलेल्या मास्कचा हिशेब देण्यापेक्षा न वापरलेल्याचा देणं केव्हाही सोपं.

आता मुख्य सूत्र. जे आजारी पडत नाही, तेच मोजा. गाड्या मोजा, खाटा मोजा, सिलिंडर मोजा. 108 ची सेवा राज्यात 2014 साली सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या. 233 मोठ्या, व्हेंटिलेटरसकट, आणि 704 साध्या. हे आकडे छान आहेत, तक्त्यात बसतात, पत्रकारांना आवडतात. माणसं मात्र मोजू नका. गाडीत एक पायलट असतो (ड्रायव्हरला तिथे पायलट म्हणतात, पगार मात्र जमिनीवरचाच असतो), एक डॉक्टर असतो आणि दोघांनाही नाक असतं. नाक असलं की फ्लू होतो. फ्लू झाला की पाच-सात दिवस घरी. अमेरिकेच्या 2006 च्या आराखड्यात साथीच्या भरात 40 टक्के कर्मचारी गैरहजर असतील असं धरून चालायला सांगितलं होतं. कोणी स्वतः आजारी, कोणाच्या घरी पोरगं आजारी, कोणी नुसताच घाबरलेला. तुम्ही हा आकडा घेतला तर तुमच्या शंभर गाड्यांच्या शंभर गाड्या राहणार नाहीत, आणि मग पालकमंत्र्यांसमोर काय दाखवणार? पायलट नसलेली रुग्णवाहिकाही पार्किंगमध्ये अगदी रुग्णवाहिकेसारखीच दिसते. वरचा दिवासुद्धा लागतो.

फोनबद्दल तर काहीच करू नका. राज्यभरातून 108 फिरवला की तो पुण्यातल्या केंद्रात लागतो. मानेवाड्यातला पोरगा सांगतो, "अजी, माह्या बाबाले दम लागून राहिला. लवकर पाठवा ना जी गाडी." पलीकडून विचारतात, पत्ता सांगा, जवळची खूण सांगा. "रिंग रोडवर पानठेला नाही का, त्याच्या मागच्या गल्लीत. कोणालेबी विचारा." आता पुण्यात बसलेल्या माणसाने कोणाला विचारायचं, हा नियोजनाचा भाग नाही. मुद्दा पुढे आहे. याच वेळी आणखी तीन प्रश्न विचारता येतात: ताप आहे का, खोकला किती दिवसांचा, घरात आणखी कोणी आजारी आहे का. उत्तर हो आलं, तर गाडी पोहोचायच्या आधीच पायलट आणि डॉक्टर मास्क लावून, हातमोजे घालून तयार राहतात. रुग्णालाही दारातच साधा तीन पदरी मास्क लावता येतो, मग त्याच्या खोकल्याचे तुषार गाडीभर उडत नाहीत. तुमच्या दृष्टीने यात अडचण अशी की हे फुकट होतं. ज्याची खरेदी होत नाही, त्याचा प्रस्ताव कोणत्या शीर्षाखाली मांडणार?

तरी मास्कचं उद्घाटन करायचंच असेल तर एन-95 चं करा. तो फोटोत भारदस्त दिसतो. नेब्युलायझर लावताना, नळी घालताना, घसा साफ करताना तो खरंच लागतो, कारण त्या वेळी बारीक कण हवेत उडतात आणि साधा मास्क पुरत नाही. पण फोटो झाल्यावर उरलेले एन-95 कार्यालयात वाटून टाका. आस्थापना विभागातल्या लिपिकाला ते शोभतात. फायलींवर धूळ फार असते.

गाडीच्या आतलं एकदा बघून या, निदान दाराशी उभं राहून. स्ट्रेचरच्या उशाला सिलिंडर, बाजूच्या बाकावर डॉक्टर, त्याच्या गुडघ्याला टेकलेला रुग्णाचा थोरला मुलगा, थोरल्याच्या मागे धाकटा, धाकट्याच्या मांडीवर पिशवी, पिशवीत चादर, थर्मास आणि संत्री. नियम एका नातेवाइकाचा आहे. पण मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जायचं म्हटलं की नागपुरात माणूस एकटा निघतो कुठे? काका पायलटशेजारी बसतात, रस्ता दाखवायला. मग काच वर, एसी चालू, आणि सहा जण एकाच हवेत. काच खाली केली, मागचा पंखा चालवला, पुढची केबिन मागच्या भागापासून बंद केली, तर निम्मं काम होतं. पण ऑक्टोबरच्या उन्हात काच खाली करा म्हणणारा डॉक्टर काकांशी भांडणार कसा, याचं प्रशिक्षण तुमच्या पॉवरपॉइंटमध्ये नको. तिथे हात धुण्याच्या सहा पायऱ्या पुरेत. बेसिन कुठे आहे, हे विचारणाऱ्याला शंका पुढच्या बैठकीत घेऊ म्हणून सांगा.

रुग्ण उतरवला की गाडी पुसावी लागते. एक टक्का हायपोक्लोराइटचं जंतुनाशक पाणी, स्ट्रेचरचे दांडे, दाराची मूठ, बीपीचा पट्टा, मग थोडा वेळ तसंच राहू द्यायचं. हा वेळ आराखड्यात धरू नका. शहरात 20 मिनिटांत गाडी पोहोचली पाहिजे असा निकष आहे, त्यात पोछा मारायला जागा नाही. ओल्या स्ट्रेचरवर दुसरा रुग्ण झोपला, तर तो आधीच आजारी आहे, त्याला काय फरक पडतो.

आता कोणाला आणायचं आणि कोणाला नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या रुग्णांचे तीन गट सांगितलेत. अ म्हणजे साधा ताप, सर्दी, अंगदुखी: घरी राहा, पाणी प्या, तपासणी नको. ब म्हणजे जास्त ताप, घसा जास्त दुखतोय, किंवा रुग्ण गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, दम्याचा, हृदयाचा, मधुमेहाचा: घरीच, पण ऑसेल्टामिविर ही फ्लूची गोळी सुरू करा. क म्हणजे धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं, माणूस झापडीत जाणं, पोराने दूध सोडणं: ताबडतोब दाखल करा. एवढं कळलं तर वस्तीतली आशाताईसुद्धा दारात उभी राहून सांगेल की गाडी कोणाला आणि सुट्टी कोणाला. म्हणूनच हे वस्तीत सांगू नका. वर्तमानपत्रात 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये' एवढंच छापून आणा. ते वाचून नागरिक बरोबर घाबरतात आणि 'अ' गटातली सगळी वस्ती अपघात विभागात येऊन 'क' गटाच्या पुढे रांगेत उभी राहते.

गोळीचंही तसंच. ऑसेल्टामिविर लक्षणं दिसल्यापासून पहिल्या 48 तासांत दिली तर सगळ्यात जास्त उपयोगी. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. तुमचा साठा मध्यवर्ती भांडारात कुलपात असू द्या. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते शनिवारी गावी जातात, सोमवारी येतात. 48 तास. बाकी लोक अँटिबायोटिक घेतातच मेडिकल स्टोअरमधून, त्याने विषाणूला काही होत नाही, पण काहीतरी घेतल्याचं समाधान मिळतं. (पोराचा ताप उतरवायला ॲस्पिरिन मात्र देऊ नका. हे उपरोधाने म्हणत नाही. फ्लूमध्ये मुलांना त्याने यकृत-मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो.)

आणि अपघात विभागाचं दार. तुमचा सगळा आराखडा इथे येऊन थांबतो, अक्षरशः. गाडी पोहोचली, नोंद झाली, वीस मिनिटांचा निकष पाळला, तक्त्यात हिरवी खूण. पण आत खाट नाही. बाहेर स्ट्रेचर नाही. होतं ते, त्याचं एक चाक निघालंय, ते भिंतीला टेकवून ठेवलंय आणि त्यावर कोणाचा तरी डबा. मग रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर, गाडीतच. थोरला केसपेपरच्या खिडकीवर, धाकटा सलाइन धरून, डॉक्टर आतल्या डॉक्टरला शोधत. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. धाप लागलेल्याला मिनिटाला दहा लिटर लावला तर भरलेला सिलिंडर अडीच तास पुरतो, आणि तो भरलेला नसतो, कारण आधीच्या रुग्णाने निम्मा वापरलेला असतो. पायलट काट्याकडे बघतो, मग दाराकडे. गाडीच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, आणि त्याच वेळी मानेवाड्यात कोणीतरी पुन्हा 108 लावून राहिलं आहे. तुमच्या तक्त्यात या तिन्ही गाड्या 'कार्यरत' आहेत. तशाच राहू द्या.

यावर उपाय नाहीत असं नाही. दारात एक अनुभवी सिस्टर उभी करायची, तिच्या हातात कोणाला आत, कोणाला बाकावर, हे ठरवायचा अधिकार द्यायचा, तापाच्या रुग्णांची रांग वेगळी, बाहेर मांडवात दोन-चार जादा स्ट्रेचर आणि जंबो सिलिंडर, आणि गाडीने निघतानाच फोन करून सांगायचं की आम्ही येतोय. यात कुठेही कोनशिला बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. शिवाय सिस्टरला अधिकार दिला तर नगरसेवकाच्या फोनचं काय करायचं?

एप्रिल 2021 आठवतो का? विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस 23 तारखेला नागपूर स्टेशनवर थांबली, तीन टँकर उतरवले आणि बाकीचे घेऊन नाशिककडे गेली. त्या दिवसांत या शहरातला प्रत्येक माणूस ऑक्सिमीटरचा तज्ज्ञ झाला होता. 94 म्हटलं की अख्खं घर उभं राहायचं. आता तो ऑक्सिमीटर कपाटात सेल गळून पडलेला आहे. तुमचंही तसंच होऊ द्या, विस्मरण हे समितीचं मोठं भांडवल आहे. याच शहरात अवयव नेण्यासाठी हिरवा मार्ग करतात, चौकाचौकात पोलीस उभे राहतात, गाडी सरळ निघून जाते. म्हणजे जमत नाही असं काही नाही. पण ते रोजचं झालं तर रामदासपेठ आणि धंतोलीतल्या दवाखान्यांसमोर उभ्या गाड्यांचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ई प्रमाणे रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास 10,000 रुपये दंड आहे. त्याचं पोस्टर छापा आणि चिकटवा, शक्यतो रुग्णवाहिकेच्याच मागच्या काचेवर. पुढचे वाचतील.

हिवाळ्यात जरा जपा. फ्लू आपल्याकडे पावसाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा डोकं काढतो, आणि थंडीतच अधिवेशन असतं. ताफ्यामागे चालायला सुसज्ज गाडी लागते. तिच्यात सगळं असतं: व्हेंटिलेटर, भरलेला सिलिंडर, रिकामं स्ट्रेचर. मंत्री ठणठणीत असतात, हा त्या गाडीच्या कार्यक्षमतेचा पुरावा.

लस राहिली. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि अंगात भिनायला दोनेक आठवडे जातात, म्हणून साथीच्या आधी द्यायची असते, आणि ज्यांचा श्वास रुग्णाच्या श्वासात मिसळतो त्यांना आधी. तुम्ही यादी करालच. समितीचे सदस्य, सदस्यांचे कुटुंबीय, स्वीय सहायक, मग शिल्लक राहिली तर पायलट. पायलट कंत्राटी आहे, त्याला सरकारी लस देता येते का, असा अभिप्राय विधी शाखेकडून मागवून ठेवा. तो येईपर्यंत विषाणू रूप बदलतो आणि प्रस्ताव आपोआप निकाली निघतो.

एवढं करूनही साथ आली, तर तुमच्या आराखड्याच्या कितीतरी आधीपासूनची यंत्रणा शहरात आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मोठाले पुतळे, निघतात. मार्ग ठरलेला, तारीख ठरलेली, माणसं ठरलेली, रस्ते वेळेत मोकळे. 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत लाखभर लोक एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून ओरडतात. मागून बडगे येतात, वर्षभर ज्यांनी लोकांना छळलं त्यांचे पुतळे. त्यात सफारी घातलेला, काखेत फाइल धरलेला, छातीवर समितीचं ओळखपत्र लटकवलेला एखादा दिसला तर ओळख देऊ नका. गर्दी आहे, मास्क लावून उभे राहा, एन-95 कार्यालयात शिल्लक असेलच.