प्रशिक्षण हा फालतू खर्च आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ई-बस रस्त्यावर आणण्याआधी चालक आणि पालिकेच्या माणसांना शिकवा, या माझ्या लेखाला तुम्ही सडेतोड उत्तर दिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: केंद्राने बस द्याव्यात, बाकीचं शहरं बघून घेतील, प्रशिक्षण म्हणजे एसी हॉल, चहा-बिस्किटं आणि शेवटी प्रमाणपत्रासोबत फोटो. फोटोचं मान्य. बाकीचं नाही.

आधी पैसा. केंद्र बस विकत घेऊन देत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा या शहरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 10,000 इलेक्ट्रिक बस आहेत. अंदाजे खर्च 57,613 कोटी, त्यात केंद्राचे 20,000 कोटी. बस कंत्राटदाराची, तोच ती चालवतो आणि किलोमीटरमागे दर घेतो. केंद्र त्या दरातला ठरावीक भाग 10 वर्षं देणार, उरलेला महापालिकेच्या गळ्यात. तिकिटातून निघाला नाही की तूट. पुण्याच्या पीएमपी या बससेवेची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड 60:40 वाटून घेतात, कोल्हापूरला असा जोडीदार कुठला? पालिका बिलं थकवतात हे दिल्लीलाही ठाऊक आहे. उगाच का 2024 मध्ये, बिल थकलं तरी कंत्राटदाराला पैसे मिळावेत म्हणून, 3,435 कोटींचा हमी निधी काढला!

आता चालक. या व्यवस्थेत तो कंत्राटदाराचा माणूस. आयुष्यभर डिझेल गाडी हाकलेली असते आणि हातात येते क्लच नसलेली, गिअर न बदलणारी, जवळपास मुकी बस. डाव्या पायाला काम नाही. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणात जोर मिळतो. पाय उचलला की मोटरच गाडी आवरते आणि वीज बॅटरीत परत जाते. हे पायात मुरलं नाही तर प्रवाशांना गचके बसतात, चार्ज लवकर उतरतो, आणि गर्दीच्या रस्त्यावर याहून वाईट काही होऊ शकतं. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईत कुर्ल्याला बेस्टची ई-बस गर्दीत घुसली, त्या अपघातानंतर चालकांच्या प्रशिक्षणाची चर्चा झाली ती उगाच नव्हे.

शिकवणारे नाहीत असंही नाही. पुण्याजवळ भोसरीला 1967 मध्ये सुरू झालेली सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था हेच काम करते. घोडं अडतं ते बिलावर. चालक वर्गात बसला तर त्याच्या जागी जादा माणूस लागतो, आणि त्याचा पगार किलोमीटरच्या दरात धरलेला नसेल तर कंत्राटदार कशाला पाठवेल?

'मग पालिकेने करायचं काय?' असं तुम्ही विचारलंय. निविदेतच लिहायचं: प्रत्यक्ष मार्गावर, त्याच मॉडेलच्या बसवर किती तास, खर्च कुणाचा, आणि त्याशिवाय ड्युटी नाही. फेरी रद्द केल्याबद्दल दंड लावता येतो, तसा इथेही लावा. आणि लेखा विभागातल्या दोघांना तरी आधी शिकवा. बस उभी राहिली ती कुणाच्या चुकीने, हमी किलोमीटरचे (म्हणजे करारात कबूल केलेल्या किमान किलोमीटरचे) पैसे द्यायचे की कापायचे, हे जीपीएसच्या नोंदी बघून त्यांनाच ठरवायचं असतं. ते जमलं नाही तर कंत्राटदार मांडेल ते बिल मुकाट्याने पास होतं.