मधमाश्यांची पेटी, मागचं अंगण आणि आमची पोरं

गोराईला आमच्या रो-हाऊसच्या रांगेत सध्या एकच विषय चाललाय. शेजारच्या काकांना मागच्या अंगणात मधमाश्यांची पेटी ठेवायचीय आणि त्यांच्या भिंतीला लागूनच पोरांची खेळायची जागा आहे. ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो काही होत नाही हो, आमच्या गावाला घराच्या भिंतीतच पोळं असायचं. दुसरा म्हणतो पेटी आली की त्याच संध्याकाळी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतो. माझी लेक साडेतीन वर्षांची, दिवसभर त्याच भिंतीपाशी मातीत बसलेली असते, त्यामुळे तुझं काय म्हणणं असं सगळेच विचारतायत, आणि ग्रुपवर एवढं टाईप केलं तर कुणी वाचणार नाही म्हणून इथे लिहितेय. माझं उत्तर हो आहे. पण तो हो माशीला आहे, काकांना अजून नाही.

आधी त्या व्हिडिओंचं बघू. गडावर ट्रेकर जीव घेऊन पळतायत वगैरे जे फॉरवर्ड होतंय ना, त्या आग्या माश्या. टॉवरच्या वरच्या मजल्याच्या सज्जाखाली ते एकच मोठं काळपट पोळं लटकतं, ते आग्या मोहोळ. ही माशी पेटीत राहतच नाही, तिला उघडं आणि उंच लागतं, खवळली की लांबपर्यंत पाठलाग करते आणि तिच्या तावडीत सापडून माणसं दगावलीयत हे खरंच आहे. समोरच्या टॉवरला तसलं पोळं लागलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय, खालून पोरं दगड मारतात तेही बघितलंय, त्यावर एकही मीटिंग झालेली मला आठवत नाही. काका आणणारेत ती सातेरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, कधीकधी मीटरबॉक्समध्ये अंधारात शेजारी शेजारी पोळी बांधून राहणारी, आग्यापेक्षा लहान आणि स्वभावाने बरीच गरीब. आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलाचा डोळा सुजला होता तो गांधीलमाशीने, तिचा मधाशी काही संबंध नाही, तिचं घर त्यांच्याच खिडकीच्या वर होतं.

दुसरं म्हणजे, पेटी नाही आली तर माश्या येणार नाहीत असं वाटतंय का कुणाला? सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटरात चरते. आपल्याकडे शेवगा आहे, नारळ आहेत, खाडीला तिवरं फुलतात, त्या रोज येतच असतात. फुलावर बसलेली माशी चावायला येत नाही, तिला कामं असतात. ती चावते ते घर राखताना, नाहीतर पायाखाली आली, केसात अडकली तर. म्हणजे धोका अख्ख्या अंगणात पसरलेला नाही, तो पेटीच्या तोंडासमोरच्या काही फुटांत आहे.

हे मी वाचून सांगत नाहीये, मध्ये काकांच्या भावाच्या वाडीत वसईला गेलो होतो तेव्हा बघितलं. पेटीला खाली एक बारीक फट, त्यातून माश्या आत-बाहेर, येणाऱ्यांच्या मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे चिकटलेले, काहींना इतके मोठे की उतरताना धडपडत होत्या. लेक बघताबघता बरोबर फटीच्या समोर जाऊन उभी राहिली. मिनिटभरात तिच्या पाठीमागे वीस-तीस माश्यांची गर्दी हवेत नुसती घुटमळायला लागली, सहा वाजता दादरला विरार लोकलचा दरवाजा अडवून कुणी उभं राहावं तसं. चावली एकही नाही. काकांच्या भावाने शांतपणे बखोटीला धरून तिला बाजूला ओढलं आणि सगळ्या सरळ आत गेल्या. पण तिने हात झाडले असते तर? साडेतीन वर्षांचं पोर हात झाडणारच.

म्हणून माझी पहिली अट, पेटीचं तोंड खेळायच्या जागेकडे नको, काकांच्या स्वतःच्या घराच्या भिंतीकडे हवं आणि पेटी व खेळायच्या जागेच्या मध्ये डोक्याच्या वर जाईल एवढी हिरवी जाळी किंवा दाट वेल. समोर आडोसा आला की माशी उठतानाच उंच उठते आणि माणसांच्या डोक्यावरून जाते. जगभर शहरात पेट्या ठेवणारे हेच करतात, यात काही रॉकेट सायन्स नाही. पेटी उघडायची ती पोरं शाळेत असताना. उघडताना धुराडं, म्हणजे धूर सोडायचं हातातलं यंत्र, लागतंच, धुराने माश्या मध पोटात भरून घ्यायच्या मागे लागतात आणि धोका कळवायला त्या जो वास सोडतात तोही दबतो. आणि मध उन्हाळ्यात निघतो, म्हणजे नेमका मे महिन्याच्या सुट्टीत, पोरं दिवसभर बाहेर असताना, त्यामुळे त्या दिवशी ग्रुपवर आधी मेसेज पाहिजे.

पाण्याचं कुणीच बोललं नाही. माश्यांना पाणी लागतं, आणि जवळ नाही मिळालं तर त्या आपल्या एसीच्या पाइपखाली, धुण्याच्या नळावर आणि पोरांच्या टबात येणार. मग परातीत खडे टाकून पाणी ठेवायचं, आणि ते रोज बदलायचं, कारण ही मुंबई आहे, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास होतो. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, त्याचीही तीच गत, त्यात तेल टाकावं लागतं. त्यात वर महापालिकेचा धूरवाला. त्या धुराला डास कोण आणि मधमाशी कोण हे कळत नाही. काकांना हे विचारलं तर म्हणाले, बघू.

हे 'बघू' मला खटकतं. पेटी म्हणजे कुंडी नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडे महिनाभर झड लागली की माशीला बाहेर पडता येत नाही, फुलंही नसतात, साखरेचा पाक द्यावा लागतो. नाही दिला, मेणकिडा लागला, मुंग्या शिरल्या, तर सातेरी सरळ घर सोडून निघून जाते. राणी मेली किंवा दुसऱ्या पोळ्यातल्या माश्या मध लुटायला लागल्या तर हीच गरीब माशी चिडकी होते. हे सगळं वेळेत ओळखायचं तर दर आठ-दहा दिवसांनी झाकण काढून आतल्या पोळ्यांच्या चौकटी बघाव्या लागतात आणि ते येण्यासाठी आधी शिकावं लागतं. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथलंच मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. मुंबईहून एका रात्रीचा प्रवास. यूट्यूब बघून पेटी आणायची आणि पोरं मात्र आमची, असं नाही चालणार.

आता आयांसाठी, कारण बाप लोक हे वाचणार नाहीत. माशी चावली की आधी मुलाला तिथून लांब न्या. नांगीबरोबर एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, त्यावर बाकीच्या येतात. मग नखाने नांगी काढा, कशी काढली त्याला महत्त्व नाही, पटकन काढली त्याला आहे, कारण नांगीबरोबर तुटून आलेली विषाची पिशवी आत विष सोडतच असते. साबणाने धुवा, बर्फ लावा. लोखंड घासणं, चुना फासणं यात वेळ घालवू नका. जागा सुजणार, दुखणार, एखाद्या दिवसाने सूज वाढलेलीही दिसेल, त्यात घाबरण्यासारखं नाही. घाबरायचं केव्हा, तर अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास होतोय, उलट्या, चक्कर, पोर एकदम मलूल. मग घरगुती काही नाही, 108 किंवा रिक्षा, जे आधी मिळेल ते, आणि पोचल्या पोचल्या माशी चावलीय हे सांगायचं. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, नुसत्या ॲलर्जीच्या गोळीने भागत नाही. मुलांमध्ये असं क्वचित होतं, मोठ्यांपेक्षाही कमी, पण रांगेतल्या एखाद्या पोराला किंवा आजोबांना आधी असं झालं असेल तर ते पेटी यायच्या आधी कळायला हवं. एकच डंख घशात बसला तर मात्र ॲलर्जी नसतानाही धोका, म्हणून अंगणात उसाचा रस, सरबत जे काय असेल ते झाकणाच्या बाटलीत द्या. आत पडलेली माशी दिसत नाही.

आणि काकू बाटल्या वाटणार आहेत त्याबद्दल. आनंदाने घेऊ, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. सोन्याने नाही, बोटाने नाही, कितीही घरचा आणि शुद्ध असो. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आपल्या पोटात ते काही करत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. कोपऱ्यावरच्या घरात चार महिन्यांचं बाळ आहे आणि तिथल्या आजी ऐकणाऱ्यातल्या नाहीत, तेव्हा हे काकूंनीच सांगावं. खरं सांगू का, त्या घराच्या बाबतीत मला माशीपेक्षा याची जास्त काळजी आहे.

तर मी काकांना सांगितलंय, आधी कोर्स करून या, मग गणपतीनंतर, पाऊस ओसरला की एक पेटी, दोन नाही. जाळी आपण वर्गणी काढून लावू. चिडकी निघाली तर वसईला परत, त्यावर वाद नाही. आणि कोपऱ्यावरच्या आईने मुलाला ॲलर्जीच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत थांबायचं. तिला घाबरट म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या पोराचा डोळा तसा बंद झालेला बघावा. काका म्हणाले पेटीचा ॲडव्हान्स देऊन झालाय. तो त्यांचा प्रश्न.